वाडगा आधी पालथा करा

बॉस्टनच्या 'म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स'मध्ये चांदीचा एक वाडगा आहे. उंची १४ सेंटिमीटर, काठाशी रुंदी जवळपास २८. गोल पोट, बाहेर वळलेला काठ, खाली बुटकी पडघी. वेलबुट्टीचा सोस नाही. अंगावर आहे तो मुख्यतः कोरीव मजकूर. पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या चांदीकारागिरानं तो १७६८ साली घडवला. पैसे दिले 'सन्स ऑफ लिबर्टी' या गटातल्या १५ जणांनी, आणि त्यांची नावं काठाखाली कोरलेली आहेत. ब्रिटिश पार्लमेंटनं लादलेल्या करांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं इतर वसाहतींना पत्र धाडलं होतं. ते मागं घ्या, असा राजाचा हुकूम आला तेव्हा ९२ सदस्यांनी साफ नकार दिला. वाडगा त्यांच्या सन्मानासाठी. बंडखोर इंग्लिश खासदार जॉन विल्क्स याच्या वृत्तपत्राचा ४५ वा अंक राजाला झोंबला होता. त्याची आठवण म्हणून वाडग्याचं वजन ४५ औंस ठेवलं आणि त्यात पेयही ४५ गिल मावेल असं माप धरलं. १९४९ मध्ये संग्रहालयानं तो विकत घेतला, त्या निधीत बॉस्टनच्या शाळकरी मुलांनी दिलेली चिल्लरही होती.

४५ औंस म्हणजे आपल्या हिशेबानं किती? चांदीचा औंस ट्रॉय, ३१.१ ग्रॅमचा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दोन्ही मापं 'ग्रेन' या एकाच एककावर बेतलेली आहेत: औंसात ४८० ग्रेन, तोळ्यात १८०. म्हणजे ३ औंसांचे बरोबर ८ तोळे होतात आणि रिव्हिअरचा वाडगा भरतो नेमका १२० तोळे. हल्ली सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हा नव्हे.

या वाडग्याचा घाट विसाव्या शतकात अमेरिकेनं डोक्यावर घेतला. गोरहॅम, टिफनी, रीड अँड बार्टन, टाउल, वॉलेस, इंटरनॅशनल अशा झाडून सगळ्या कारखान्यांनी 'रिव्हिअर बोल' काढले. गोल्फचा चषक, बँकेतल्या साहेबाच्या निवृत्तीची भेट, लग्नाचा आहेर, सगळीकडे तोच. त्यामुळं एखाद्या घराची आवराआवर होते आणि चांदीचा अमेरिकन वाडगा निघतो, तेव्हा तो याच घाटाचा असण्याचा संभव मोठा. तळाशी 'पॉल रिव्हिअर' अशी अक्षरंही दिसतात आणि घरच्यांच्या काळजात लक्कन् होतं. खुद्द रिव्हिअर आपल्या भांड्यांवर चौकटीत आडनाव उठवत असे, किंवा नुसती आद्याक्षरं. पूर्ण नाव, त्यापुढं 'रिप्रॉडक्शन' आणि खाली 'स्टर्लिंग' असं असेल तर तो नमुन्याचा उल्लेख समजावा. 'स्टर्लिंग' हा शब्द अमेरिकन भांड्यांवर सर्रास येऊ लागला तो १८६० च्या दशकापासून. रिव्हिअर १८१८ मध्येच गेला.

मग वाडगा ओळखायचा कसा? घाटावरून नाही, चकाकीवरून तर मुळीच नाही. आधी पालथा करायचा आणि तळ वाचायचा. पण तो वाचण्यापूर्वी अमेरिकेची एक खोड ठाऊक हवी. इंग्लंडमध्ये चांदीचं भांडं सरकारमान्य कस-कचेरीत जातं, तिथं कस लावला जातो आणि मगच शिक्के बसतात. अमेरिकेत अशी देशव्यापी व्यवस्था कधीच नव्हती. बॉल्टिमोर शहरात १८१४ ते १८३० या काळात कस तपासणारा अधिकारी नेमून पाहिला, तेवढा अपवाद. बाकी देशभर भांडं घडवणाराच सांगणार की चांदी किती आहे. म्हणून अमेरिकन भांड्याच्या तळाचा शिक्का ही एका दुकानानं दिलेली जबान आहे, आणि जबान कोणाची हे पाहिल्याखेरीज तिला किंमत नाही.

सुरुवातीची चांदी बहुतेक नाण्यांतून यायची. गिऱ्हाईक नाणी घेऊन येई, कारागीर ती आटवून चहादाणी घडवी. तिला म्हणत 'कॉइन सिल्व्हर'. कस हजारात ९०० च्या आसपास. अशा भांड्यांवर 'कॉइन', 'प्युअर कॉइन', 'डॉलर' किंवा 'स्टँडर्ड' असे शब्द सापडतात. बॉल्टिमोरच्या सॅम्युएल कर्क यांच्या दुकानाच्या भांड्यांवर '११ औंस' असं असतं. ते वजन नव्हे. १२ औंसांच्या ट्रॉय पौंडात ११ औंस शुद्ध चांदी, म्हणजे हजारात ९१७. राणीच्या छापाच्या रुपयाचा कसही नेमका हाच होता. काही कर्क भांड्यांवर '१०.१५' दिसतं, तो कस ८९६ चा.

स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ बहुधा तांबं. शुद्ध चांदी मऊ. तांब्याशिवाय वाडग्याला ताठपणा येत नाही. टिफनीनं हा इंग्लिश कस १८५१ च्या सुमारास स्वीकारला, गोरहॅमनं १८६८ मध्ये. तोवर दोन गोष्टी घडल्या होत्या. १८४२ च्या जकातीमुळं परदेशी चांदीसामान महाग झालं आणि देशी कारखान्यांना आडोसा मिळाला. पुढं १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉकची खाण सापडली आणि चांदीचा पूर आला. कायदा मात्र रेंगाळत आला. १९०६ मध्ये ठरलं की 'स्टर्लिंग' असा शिक्का मारलात तर माल ९२५ चाच हवा, हजारात ४ भागांची सूट. १९६१ मध्ये भर पडली की कसाच्या शिक्क्याशेजारी जबाबदार दुकानाची खूण हवीच.

आता तळाकडं. सिंह, नांगर आणि जुन्या वळणाचा 'जी' अशी तीन चित्रं दिसली तर पुष्कळ जण म्हणतात, वा, इंग्लिश! सिंह म्हणजे स्टर्लिंग, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. गोरहॅमला हा गैरसमज बहुधा नकोसा नसावा. पण इंग्लिश सिंह डावीकडं चालतो, गोरहॅमचा उजवीकडं. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स गावात जाबेझ गोरहॅम यांनी १८३१ मध्ये काढलेलं हे दुकान पुढं चांदीकामातलं अवाढव्य नाव झालं, आणि त्यांनी एक उपकार करून ठेवला: वर्षाची खूण. १८६८ साठी 'ए' आणि तिथून १८८४ च्या 'क्यू'पर्यंत अक्षरं. १८८५ ते १९३३ दर वर्षी एक चिमुकलं चित्र. मधे खंड, मग १९४१ पासून पुन्हा खुणा. कोष्टक हाताशी असेल तर वाडग्याचं जन्मवर्ष मिनिटात कळतं.

टिफनीची पद्धत निराळी. 'टिफनी अँड कंपनी, मेकर्स, स्टर्लिंग सिल्व्हर' अशा ओळींच्या जोडीला दोन आकडे असतात, एक नमुन्याचा आणि एक मागणीचा, आणि एक सुटं अक्षर. ते अक्षर त्या काळच्या प्रमुखाचं. मोठा 'एम' एडवर्ड मूर यांच्या काळचा, १८९१ पर्यंत. मग 'टी', साधारण १९०२ पर्यंत. 'सी' १९०२ ते १९०७. त्यानंतर लहान 'एम' थेट १९४७ पर्यंत. मोठा 'एम' आणि लहान 'एम' यांतला फरक न पाहता भांडं विकणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, कारण मूर यांच्या काळात टिफनीनं जे काम केलं ते अमेरिकन चांदीकामाचा कळस मानतात. जपानी धाटणीची त्यांची भांडी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली. चांदीवर तांब्या-पितळेचे मासे, भोपळे, किडे जडवलेले. त्यांच्या तळाशी 'स्टर्लिंग सिल्व्हर अँड अदर मेटल्स' असं लिहिलेलं असतं. 'इतर धातू' वाचून सराफ नाक मुरडेल आणि वजन कमी धरेल. लिलावात त्याच दोन शब्दांनी किंमत अनेक पटींनी चढते.

बाकीच्यांचं थोडक्यात. मॅसॅच्युसेट्सच्या टॉन्टन गावच्या रीड अँड बार्टननं १९२८ ते १९५७ वर्षाची खूण मारली. इंटरनॅशनल सिल्व्हर १८९८ मध्ये कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावी अनेक कारखाने एकत्र येऊन झाली. तिनं स्टर्लिंग काढलं आणि मुलाम्याचा मालही प्रचंड काढला, म्हणून नुसतं तिचं नाव पुरत नाही, 'स्टर्लिंग' शब्द हवाच. दुसऱ्यांकडून माल घेऊन विकणारी मोठी दुकानंही आपलं नाव ठोकत. फिलाडेल्फियाचं कॉल्डवेल किंवा न्यूयॉर्कचं ब्लॅक, स्टार अँड फ्रॉस्ट दिसलं तर ते विकणाऱ्याचं नाव असू शकतं, घडवणारा शेजारच्या बारीक खुणेत शोधावा. डोरोथी रेनवॉटर यांचा अमेरिकन चांदी-कारखानदारांचा कोश या कामासाठीच आहे.

फसवे शब्द मात्र पाठच हवेत. 'क्वाड्रुपल प्लेट', 'ईपीएनएस', 'ए वन', 'सिल्व्हर सोल्डर्ड', 'निकेल सिल्व्हर': यांतलं कुठलंही भांडं भरीव चांदीचं नाही. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' हे साल नव्हे, मुलाम्याच्या मालाचं व्यापारी नाव आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो, हे आपल्याकडच्या स्वयंपाकघरांना सांगायला नको. आणि 'वेटेड' किंवा 'सिमेंट रीइन्फोर्स्ड' असेल तर चांदीचा पातळ पत्रा आणि आत डांबर किंवा सिमेंट. मेणबत्तीच्या स्टँडांत हे नेहमीचं. उंच पायाच्या फळांच्या भांड्यातही पडघी अशी भरलेली निघते. काट्यावर वजन दणकून भरतं आणि चांदी निघते मूठभर.

शिक्का झिजलेला असेल किंवा त्याचा भरवसा वाटत नसेल तर धातूलाच विचारावं. चुंबकाचा प्रयोग सगळे करतात, पण त्यानं फक्त लोखंड पकडलं जातं; तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक चिकटत नाही. घनता पाहणं जास्त खात्रीचं. एक मोठं पातेलं पाण्यानं भरून डिजिटल काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वाडगा दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला वा बाजूला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर वाडग्याचं आकारमान. ६२२ ग्रॅमचा स्टर्लिंग वाडगा काटा सुमारे ६० वर नेईल. त्याच वजनाचा मुलामा दिलेला तांब्याचा वाडगा ६९ च्या पुढं जाईल. भाजीच्या काट्यावरही एवढा फरक लपत नाही. सराफाकडचं एक्स-रे यंत्र सोयीचं, पण ते वरचा थर तेवढा वाचतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. म्हणून मोजणी काठाच्या झिजलेल्या जागी किंवा पडघीच्या आतल्या कडेवर घ्यायला सांगावी. आम्लाचा थेंब टाकायचाच झाला तर पडघीखाली, दर्शनी भागावर कदापि नाही.

घडण पाहायलाही शिकावं. रिव्हिअरसारखे कारागीर सपाट पत्रा हातोडीनं उठवत उठवत वाडगा करत. अशा तळाच्या मध्यावर कंपासच्या टोकाची बारीक खळी सापडते आणि आतून हात फिरवला तर हातोडीचे हलके चढउतार लागतात. विसाव्या शतकातला बहुतेक माल लाकडी साच्यावर लेथमध्ये फिरवून दाबलेला. त्याच्या आत उजेड तिरपा धरला की एकमध्य बारीक वर्तुळं दिसतात. अंगभर एकसारख्या ठोक्यांची नक्षी हातकामाचा पुरावा मानू नये, ती यंत्रावरही उमटवता येते.

मग येतं कोरलेलं नाव. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे तशीच तिकडं आद्याक्षरांची, आणि बाजारात तिचा परिणाम वयाप्रमाणं उलटा होतो. १९५० च्या वाडग्यावर कोणा अनोळखी जोडप्याची अक्षरं असली तर नवं गिऱ्हाईक कचरतं आणि भाव उतरतो. अठराव्या शतकातल्या भांड्यावर त्या काळचीच अक्षरं असतील तर घराण्याचा माग लागतो आणि भाव चढतो. भाव उतरण्याच्या भीतीनं काही शहाणे अक्षरं घासून काढतात. ते ओळखायला वाडगा थंड असताना त्यावर तोंडाची वाफ सोडावी: पुसलेल्या रेषा क्षणभर उमटतात. त्या जागी अंगठा आणि बोट यांत पत्रा धरून पाहिला तर तो पातळही लागतो. अशा घासणीनं भांड्याचं जे नुकसान होतं ते अक्षरांनी होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं असतं.

जुन्या भांड्यांच्या तळाला कधी सुईनं खरवडल्यासारखे औंस आणि पेनीवेटचे आकडे असतात (२० पेनीवेटचा एक औंस). ते घडवतानाचं वजन. आज काट्यावर थोडं कमी भरलं तर शतकभराच्या घासण्यानं गेलं; बरंच कमी भरलं तर काहीतरी कापलं गेलंय; जास्त भरलं तर पडघी किंवा कडी मागाहून झाळलेली. राखाडी शिशाची झाळ दिसली तर दुरुस्ती अडाण्याची. पोचा निष्णात कारागीर काढू शकतो. काठाला गेलेली चीर भरता येते, पण लपत नाही.

आता किंमत. तिचा तळमजला धातूचा. समजा वाडगा ६२२ ग्रॅम भरला, म्हणजे २० ट्रॉय औंस, जुन्या मापानं ५३ तोळ्यांहून थोडा अधिक. त्याला ०.९२५ नं गुणलं की शुद्ध चांदी १८.५ औंस. त्या दिवशीचा भाव औंसाला ३० डॉलर धरला तर धातू ५५५ डॉलरचा. मोडीत घेणारा यातून आपली तूट काढणार. हा हिशेब स्वतः केल्याशिवाय कुणालाही वाडगा दाखवू नये, एवढा एकच हट्ट मी वाचकाकडं धरीन.

तळमजला हलताही असतो. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी साठवून भाव चढवला तेव्हा जानेवारी १९८० मध्ये औंस ५० डॉलरला टेकला होता आणि मार्चमध्ये कोसळला. त्या काही महिन्यांत अमेरिकन घरांतली चांदीची ताटं-वाट्या ढिगांनी भट्टीत गेली. वितळवण्याची ही हौस तिथल्या सरकारलाही होती: १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी चांदीचे डॉलर आटवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी भारतात रुपये पाडायला आणली. २०२५ च्या ऑक्टोबरात भाव पुन्हा ५० डॉलर ओलांडून गेला, आणि भाव वाढले की साध्या भांड्यांचं मरण ओढवतं.

धातूच्या वर किती मजले चढतील हे नाव, घडण आणि अवस्था ठरवतात. इथं गोड बोलण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकाच्या मध्यातला, यंत्रावर फिरवलेला रिव्हिअर बोल बहुधा धातूच्या भावाच्या आसपासच घुटमळतो. टिफनीचा असेल तर नावाचे पैसे मिळतात. खरा फरक हातकामात. गोरहॅमनं विल्यम कॉडमन यांच्या देखरेखीखाली 'मार्टेले' नावाची हातघडणीची भांडी काढली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. त्यांचा कस स्टर्लिंगहून चढा, आधी ९५०, पुढं ९५८. सिंह-नांगराच्या वर पंख पसरलेला गरुड ही त्यांची खूण. शिकागोच्या 'कालो शॉप'चा वाडगा दिसायला अगदी साधा, पाकळ्यांसारख्या चुण्यांचा. तळाशी 'हँड रॉट' आणि दुकानाचं नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर गावच्या आर्थर स्टोन यांच्या भांड्यावर त्यांच्या शिक्क्याखाली प्रत्यक्ष घडवणाऱ्या कारागिराचं अक्षरही असतं, हे मला फार आवडतं. अशा वाडग्यांचं वजन विचारणारा माणूस चुकीच्या दारात उभा आहे.

किंमत सांगणाऱ्याला 'कशासाठीची?' हेही विचारावं. विम्यासाठीची किंमत सर्वांत चढी असते, कारण ती दुकानातून तसाच दुसरा नग आणायची असते. लिलावाचा अंदाज तिच्याहून खाली. दुकानदार तुमच्याकडून घेताना देतो ती आणखी खाली. संगणकावर दिसणारा मागितलेला आकडा तर कुणी दिलेला नसतोच. झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात घर केलेले आपले लोक 'इस्टेट सेल'मधून असे वाडगे हौसेनं उचलतात आणि कधी ते पुण्या-नागपुरापर्यंत येतात. इथं विकायचे झाले तर लक्षात घ्या, सराफ ९२५ चा कस लावील, मोडीचा भाव देईल आणि टिफनीचा 'एम' त्याच्या लेखी शून्य असेल. यात त्याचा दोष नाही. तो धातूचा व्यापारी आहे. आणि विकेपर्यंत वाडगा चिंच-रांगोळीनं घासू नका, टूथपेस्टनंही नाही. काळेपणा हा चांदीवर बसलेला सल्फाइडचा थर आहे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं बहुतेक वेळा पुरतं. नक्षीच्या खाचेतला काळा तर मुद्दाम राखतात, तो गेला की उठाव मेला. मीठ घातलेलं काहीही वाडग्यात ठेवू नका.

साधा रिव्हिअर बोल असेल तर निर्धास्त वापरा, किंवा भाव चढल्यावर मोडीत द्या. तळाशी गरुड, कालोचं नाव, स्टोनच्या शिक्क्याखालचं अक्षर किंवा टिफनीचा मोठा 'एम' असेल तर मात्र तळाचा फोटो अमेरिकन चांदीच्या दोन जाणकारांना दाखवल्याशिवाय तो सराफाच्या काट्यावर चढवू नका.